आधी नळी खोला, मग तोंड उघडा



या सदरात आपण एरवी पिकाच्या, मातीच्या, जनावरांच्या गोष्टी बोलतो. आज मात्र स्वयंपाकघरात शिरायचे आहे आणि तेही थेट भांडी घासायच्या सिंकखाली. शेतीखात्याच्या माणसाचे तिथे काय काम, असे कोणी म्हणेल. परंतु गेल्या महालक्ष्म्यांच्या सणात शहागडला एका घरी जे पाहिले, ते तुम्हाला सांगितल्यावाचून राहवत नाही.

शहागड हे अंबड तालुक्यातले, गोदावरीच्या काठावरचे गाव. सोलापूर–धुळे महामार्ग इथेच नदी ओलांडून बीड जिल्ह्यात शिरतो. भादव्यात या भागातल्या मोसंबीच्या बागांना फळगळ लागते. तशीच एका शेतकऱ्याची बाग पाहायला मी गेलो होतो. दिवस नेमका महालक्ष्म्यांच्या जेवणाचा. बाग पाहून घरी आलो, तर ओसरीवर पाट मांडून आग्रहाने जेवू घातले. पुरणपोळी, सोळा भाज्या, कटाची आमटी. जेवण आटोपून चहा हातात आला आणि आतून आवाज आला, "माझी अंगठी कुठंय?"

घरातल्या मोठ्या बाईंची अंगठी. सोने असेल अर्ध्या तोळ्याचे, पण लग्नात आईने बोटात घातलेली. आई जाऊन वीस वर्षे झालेली. पुरण वाटताना होती, पंगत वाढताना होती, आता नव्हती. देवघर पाहिले, पिठाचे डबे पाहिले, महालक्ष्म्यांपुढची आरास हलवून पाहिली. मग घर हळूहळू गप्प झाले आणि सगळ्यांच्या नजरा मागच्या दाराकडे वळल्या.

तिथे सणाची भांडी घासायला आलेली एक बाई उभी होती. त्याच घरच्या शेतात निंदायला, वेचायला येणारी. नवरा गेलेला, पदरात दोन लेकरे. तिला कोणी चोर म्हटले नाही. फक्त मोठ्या बाई म्हणाल्या, "आजवर या घरातली काडी इकडची तिकडं झाली न्हाई, बाई." सूनबाई म्हणाल्या, "सिंकपाशी तर तूच व्हतीस." एवढेच. एवढे पुरते.

त्या बाईने हात पुसले. पदराची गाठ सोडली. त्यात दहाची एक नोट आणि सुपारीचे खांड होते. ते तिने ओट्यावर ठेवले आणि रिकामा पदर झटकून दाखवला. तोंडातून शब्द काढला नाही.

मी चहाचा कप हातात धरून ओसरीवर बसलो होतो. आपण पाहुणे, दुसऱ्याच्या घरातल्या भानगडीत कशाला पडा, असा विचार मनात आला आणि दहा मिनिटे मी गप्प राहिलो. तो विचार चुकीचा होता, हे आज या पानावर कबूल करतो.

तोंड उघडले ते घरातल्या नववीतल्या पोरीने. ती म्हणाली, "आज्जी, सिंकच्या खाली ते गोल भांडं असतंय ना, त्यात बघितलं का?"

घरधनी म्हणाले, "ते खोलायला प्लंबर लागतोय. सणाचा कुठून आणू?"

तेव्हा मात्र मी उठलो. म्हटले, "दादा, मोटारीचा फुटव्हॉल्व्ह कोण खोलतं?"

"मीच की."

"ठिबकचा फिल्टर?"

"मीच."

"मग हे त्याहून सोपं आहे. घमेलं आणा."

दहा मिनिटांत अंगठी घमेल्यात होती. तिच्याबरोबर एक चहाचा चमचा, शर्टाचे बटण आणि मूठभर चिकट भात.

बंधूंनो, विहिरीच्या तळातला फुटव्हॉल्व्ह खोलणारा माणूस ओट्याखालच्या वीतभर नळीला का भितो? ती बायकांची जागा, म्हणून आपण तिथे कधी वाकत नाही. आणि ते पुरुषांचे काम, म्हणून बायका हात लावत नाहीत. अशी ती नळी कोणाचीच राहत नाही. म्हणून आज ती नीट समजून घेऊ.

सिंकच्या भोकातून पाणी खाली उतरते आणि बाहेर जाण्याआधी एका वाकड्या नळीतून किंवा बाटलीसारख्या भांड्यातून जाते. याला ट्रॅप म्हणतात. बाटलीसारखा असेल तर दुकानदार बॉटल ट्रॅप म्हणतो. याच्या वाकात नेहमी थोडे पाणी साठून राहते, साधारण दोन इंच. ते पाणी म्हणजे दार आहे. गटाराची घाण हवा, झुरळे आणि किडे त्यामुळे घरात येत नाहीत. ही वाकडी नळी १७७५ साली लंडनच्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने संडासासाठी पेटंट करून घेतली. युक्ती आजही तीच आहे. आपल्या न्हाणीघराच्या फरशीत जाळीखाली जो असतो, त्याला तर इंजिनिअरांच्या पुस्तकातही 'नहाणी ट्रॅप' असेच म्हणतात. शब्द आपल्याच घरातला आहे.

जाता जाता एक गोष्ट. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे पाच-सहा महिने घर बंद ठेवतात. परत आल्यावर घरात कुबट वास येतो. कारण ट्रॅपमधले पाणी आटलेले असते, दार उघडे पडलेले असते. जाताना प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी ओता आणि वर चमचाभर गोडेतेल सोडा. तेलाच्या थरामुळे पाणी सावकाश आटते. आल्यावर पुन्हा तांब्याभर पाणी ओतले की वास थांबतो.

आता अंगठी तिथेच का सापडते, ते पाहू. शुद्ध सोने पाण्यापेक्षा एकोणीस पट जड, चांदी साडेदहा पट. दागिन्याचे बावीस कॅरट सोने सतरा-अठरा पट तरी भरते. वाळू अडीच पट म्हणजे त्यामानाने हलकीच. नळाचे वाहते पाणी भाताची शिते पुढे ढकलते, पण ट्रॅपच्या तळाला बसलेले सोने वर उचलून पुढच्या नळीत टाकण्याइतका जोर त्याच्यात सहसा नसतो. ही गोष्ट झारेकरी लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. सराफांच्या पेढ्यांपुढची धूळ झाडून, तिथल्या गटारातला गाळ घमेल्यात धुऊन त्यातून सोन्याचे कण काढणारे ते झारेकरी. मुंबईच्या झवेरी बाजारात या कामावर पोट भरणारी माणसे आहेत. गाळ पाण्यात हलवत गेले की हलके वाहून जाते आणि जड ते तळाशी राहते. तुमच्या ओट्याखाली हेच काम ट्रॅप रोज फुकट करीत असतो.

वस्तू हरवली असे वाटले की काय करायचे, ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, नळ बंद. घरातल्या सगळ्यांना सांगा, कोणी हातसुद्धा धुवायचा नाही. सिंक पाण्याने भरलेले असेल, तर बूच ओढून ते पाणी एकदम सोडू नका. भरल्या सिंकच्या पाण्याला जोर असतो आणि बारीक चमकी, मोती, काळे मणी तो पुढे नेऊ शकतो. पाणी तांब्याने बादलीत काढून घ्या आणि तळ हाताने चाचपा. पुष्कळदा वस्तू भांड्यांच्या चळतीतच असते. काखेत कळसा अन् गावाला वळसा होऊ देऊ नका.

दुसरी गोष्ट, खरकट्याची बादली. आपल्याकडे उष्टे-खरकटे म्हशीपुढे जाते. ती बादली आधी तपासा. नुसत्या सोन्यासाठी हे सांगत नाही. टाचणी, तार, खिळा असे काही चाऱ्यातून पोटात गेले, तर ते जनावराच्या पोटातल्या जाळीदार कप्प्यात अडकते आणि पुढे टोचत टोचत हृदयाच्या आवरणापर्यंत जाते. चांगली दुभती जनावरे यात दगावतात.

तिसरी गोष्ट, सिंकमध्ये काही ओतू नका. उकळते पाणी नको, कॉस्टिक सोडा नको, ॲसिड तर मुळीच नको. चोंदलेली नळी मोकळी व्हावी म्हणून कोणी ॲसिड ओतते, पण त्याने मोती विरघळतो आणि पुढे नळी खोलणाऱ्याचे हात-डोळे भाजतात. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले तर क्लोरीन वायू निघतो, तो छातीत गेला की जिवावर बेतते. आधीच कोणी असे काही ओतले असेल, तर नळी स्वतः खोलू नका. जाणत्या प्लंबरला बोलवा आणि काय ओतले ते त्याला स्पष्ट सांगा.

चौथी गोष्ट, खोलणे. ओट्याखालचे डबे, चुंबळी, साबण बाहेर काढा. ट्रॅपखाली घमेले ठेवा, बादली पुष्कळदा उंच पडते. मोबाइलच्या उजेडात जोड पाहून घ्या आणि खोलण्याआधी एक फोटो काढा. लावताना काय वर होते अन् काय खाली, याचा वाद राहत नाही. बॉटल ट्रॅपचा तळाचा पेला फिरवून निघतो. आपण जमिनीवर बसून खालून त्याच्याकडे पाहिले की डब्याचे झाकण ज्या दिशेने उघडतो, त्याच दिशेने तो फिरतो. एका हाताने वरचा भाग घट्ट धरा, नाहीतर वरचा जोड हलून गळायला लागेल. हात सरकत असतील तर कोरडे फडके गुंडाळा. पाना शेवटी, तोही फडक्यावरून आणि हलक्या हाताने. प्लास्टिकचे आटे जोर केला की तुटतात. वाकडी नळी असेल तर वाकाच्या दोन्ही टोकांचे नट सैल करून वाक खाली उतरवा.

पाचवी गोष्ट, गाळ फेकू नका. तो चाळणीत किंवा जुन्या धोतराच्या फडक्यावर घ्या आणि बोटांनी पसरून पाहा. हाताला जखम असेल तर प्लास्टिकची पिशवी घाला. हे धुवायचे मात्र अंगणात, बादलीतल्या पाण्याने! नळी खाली उघडी आहे हे विसरून त्याच सिंकमध्ये हात धुणारे पुष्कळ असतात. सगळे पाणी पायावर येते. शहागडला घरधन्यांनी नेमके हेच केले आणि सणाची नवी विजार भिजवून घेतली.

सहावी गोष्ट, पुन्हा लावणे. आत रबराचा वायसर असतो, पाणी अडवायचे काम त्याचे. तो पुसा, फोटोत होता तसाच बसवा. चिरला असेल तर नवा घ्या. या जोडाला सुतळी किंवा टेप लागत नाही. आधी हाताने आटे सरळ धरले आहेत का ते पाहा, मग हातानेच घट्ट करा. वरून तांब्याभर पाणी सोडा आणि जोडाखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरा. कागदावर थेंब पडला तर आणखी थोडे पिळा. एवढे झाले की ट्रॅपमध्ये पाणी पुन्हा भरलेले असते आणि दार बंद होते.

आता अडचण अशी, की खेड्यातल्या कितीतरी घरांत ट्रॅप नसतोच. सिंकखाली नुसती वळ्यावळ्यांची लवचीक नळी असते आणि ती भिंतीतून बाहेर जाते. तिथे आधी नळीचे खालचे टोक सोडवून घमेल्यात उतरवा आणि वळ्यांमध्ये पाहा, बारीक वस्तू वळीत अडकते. मग फरशीतल्या नहाणी ट्रॅपची जाळी काढून तळातला गाळ चमच्याने उपसा. मग बाहेरचे चेंबर, मग शोषखड्ड्याच्या तोंडाशी असलेले गाळाचे मडके किंवा जाळी. या क्रमाने गेलात तर बहुतेक जड वस्तू वाटेतच भेटते. लोहचुंबक लावून सोने, चांदी किंवा पंपाचे पितळी नोझल निघत नाही, तो खटाटोप करू नका.

पण एक हद्द आहे. नळी सेप्टिक टँकमध्ये जात असेल आणि वस्तू तिथवर गेली असेल, तर ती गेली असे समजा. टाकीत सडणाऱ्या मैल्यातून विषारी वायू निघतो आणि झाकण उघडून आत वाकलेला माणूस क्षणात बेशुद्ध पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. अशा बातम्या आपण वाचतो. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला आहे. पैशाचे आमिष दाखवून कोणा गरिबाला आत उतरवणे हा गुन्हा तर आहेच, पण पापही आहे. तोळाभर सोन्याला माणसाचा जीव तोलू नका.

आणखी एक सांगतो, कारण ते माझ्या खात्याचे आहे. त्याच घरी सिंकच्या कडेला फवारणीच्या औषधाचे मापाचे झाकण धुऊन पालथे घातलेले दिसले. औषधाचे माप, पंपाचे नोझल, हातमोजे कधीही स्वयंपाकाच्या सिंकमध्ये धुवू नयेत. ते धुणे शेतावरच, विहिरीपासून आणि ओढ्यापासून दूर. माप धुतलेले पाणी पंपाच्या टाकीतच ओतावे. ट्रॅपमध्ये पाणी साठून राहते हे आता तुम्हाला कळले आहे. मग औषधही कुठे साठून राहील, ते वेगळे सांगायला नको.

यापेक्षा सोपे म्हणजे वस्तू आत जाऊच न देणे. सिंकच्या भोकावर बसणारी स्टीलची जाळी फार महाग नसते. भिंतीत एक खिळा मारा आणि भांड्यांना बसण्याआधी अंगठी, बांगड्या त्याला अडकवा. साबणाच्या हातातून अंगठी सहज निसटते. दिवसभर पाण्यात राबलेली बोटे त्या वेळी सुरकुतलेली असतात. आणि दिवाळीच्या साफसफाईत वर्षातून एकदा तरी ट्रॅप खोलून धुवा. एकदा शांतपणे खोललेला असला, म्हणजे घाईच्या दिवशी हात घाबरत नाही.

आता राहिलेली गोष्ट सांगतो.

अंगठी सापडली तेव्हा घरात एकच हशा पिकला. मोठ्या बाईंनी ती धुऊन डोळ्यांना लावली. पोरीच्या पाठीवर शाबासकी पडली, मलाही पुन्हा चहा आला. त्या गडबडीत मागच्या दाराकडे कोणी पाहिले नाही. पाहिले तेव्हा ती बाई निघून गेली होती. ओट्यावरची दहाची नोट आणि सुपारी तिने नेली होती. तिच्यासाठी बांधून ठेवलेल्या पुरणपोळ्या तशाच होत्या.

दुसऱ्या दिवशी ती निंदायला आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

पंधरा दिवसांनी मी पुन्हा बाग पाहायला गेलो, तेव्हा मोठ्या बाईंनी स्वतःहून मला पुढचे सांगितले. चौथ्या दिवशी सकाळी त्या एकट्याच तिच्या घरी गेल्या होत्या. गावात मान असलेली बाई भरवस्तीतून चालत गेली आणि दारात उभी राहून म्हणाली, "माझं चुकलं, बाई. मी तुला बोलायला नको व्हतं."

तिने त्यांना आत बोलावले, बसायला पोते टाकले, पाणी दिले. मग म्हणाली, "चुकलं म्हनलात, बरं झालं, आक्का. पर अंगठी सापडली नसती तर?"

मोठ्या बाई मला म्हणाल्या, "साहेब, मला काई बोलताच आलं न्हाई."

ती आता पुन्हा त्यांच्या शेतात येते. घरात भांड्यांना मात्र येत नाही आणि त्याही तिला बोलावत नाहीत.

बंधूंनो, भगिनींनो, हरवलेली प्रत्येक वस्तू सापडतेच असे नाही. कधी ती उंदीर नेतो, कधी उकिरड्यावर जाते, कधी गटारातून गोदावरीला मिळते. मग ती वस्तू ज्या दिवशी हरवली, त्या दिवशी घरात जी गरीब बाई, जो गडी, जे पोर होते, त्याच्या माथी तो डाग जन्मभर राहतो. अर्धा तोळा सोने दोन हंगामांत पुन्हा करता येते. माणसाचे नाव पुन्हा घडवणारा सराफ कुठल्याच पेठेत नाही.

म्हणून एवढेच लक्षात ठेवा. वस्तू दिसेनाशी झाली की आधी नळ बंद करा, घमेले आणा, नळी खोला. सापडली तर उत्तम. आणि नाही सापडली, तरी "तू कुठं व्हतीस?" हा प्रश्न कोणालाही विचारू नका.

पुढच्या आठवड्यात मोसंबीच्या फळगळीविषयी बोलू. राम राम.